रोटरी इंजिन विमानात बसवताना: आधी पंखा, मग पाइप, पोर्ट सगळ्यात शेवटी

शिरोलीच्या एका पोराचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "काका, माझदाचं जुनं १३बी इंजिन हाताला लागलंय, चार पोर्टचं. दोन सीटच्या किट विमानासाठी तयार करायचंय. आधी शेडबाहेर स्टँडवर पंखा लावून चालवणार. इन्टेक पोर्ट किती मिलिमीटर वाढवू? एक्सॉस्टला आरएक्स हंड्रेड बाइकला लावतो तसा चेंबर बनवला तर पॉवर वाढेल का? आणि बाहेरदेशी सगळे पेरिफेरल पोर्ट, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या परिघातून सरळ आत जाणारा इन्टेक, करतात म्हणे, तो आत्ताच करून टाकू का?"

तुझे तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण क्रम उलटा आहे. डाय ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरली पाहिजे: तुझा पंखा हे इंजिन किती आरपीएमवर धरून ठेवणार? ते ठरलं की पाइपची लांबी ठरते. पाइप जमला की मग पोर्टला (हवा आत-बाहेर जायच्या भोकाला) हात लावायचा की नाही, हे कळतं. बऱ्याचदा लावायचा नसतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टू-स्ट्रोकचे पोर्ट घासत वाढलो. नंतर नऊ वर्षं न्यूझीलंडला एका वर्कशॉपमध्ये रोटरी इंजिनं उघडणं-बांधणं एवढंच काम केलं. त्यातली काही विमानांत गेली. तेव्हा आपल्याकडच्या माणसाला टू-स्ट्रोकची सवय कुठे उपयोगी पडते आणि कुठे गोत्यात आणते, हे दोन्ही मी अंगावर घेतलंय.

एक खुलासा आधीच करतो. विमानांच्या जुन्या पुस्तकांत 'रोटरी' म्हणजे पहिल्या महायुद्धातली, सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरणारी इंजिनं. आपण बोलतोय ते वांकेल रोटरीबद्दल. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीकडे १९५७ मध्ये फिरलं. माझदाने १९६७ मध्ये कॉस्मो गाडीत दोन रोटरचं इंजिन विकायला आणलं, आणि तुझं १३बी त्याच घराण्यातलं.

आता आत काय चालतं ते डोळ्यांसमोर आण. तिकोनी रोटर एकदा पूर्ण फिरेपर्यंत मधला एक्सेन्ट्रिक शाफ्ट तीनदा फिरतो. रोटरला तीन बाजू, म्हणून शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एका रोटरचा एक स्फोट. दोन रोटर एकमेकांपासून १८० अंशांवर, म्हणजे फेरीला दोन स्फोट. इथवर हे टू-स्ट्रोकसारखं वाटतं. व्हॉल्व्ह नाहीत, पोर्ट आहेत, तेही तसंच. पण आत ओढणं, दाबणं, स्फोट आणि बाहेर टाकणं ही चारही कामं इथे वेगवेगळी होतात आणि प्रत्येकाला शाफ्टचे २७० अंश मिळतात. पिस्टन इंजिनात १८० मिळतात. टू-स्ट्रोकमध्ये तर जळका वायू बाहेर आणि ताजा आत हे एकाच वेळी उरकावं लागतं, आणि ताज्यातला थोडा एक्सॉस्टमधून पळतो. त्या पळालेल्याला परत आत ढकलायला आपण फुगीर चेंबर लावतो.

रोटरीत पळून जाणारा ताजा चार्ज जवळपास नसतोच. जळका वायू रोटर स्वतः ढकलून बाहेर काढतो. मग परत येणारी दाबाची लाट कुणाला ढकलणार? ती फक्त जळका वायू आत कोंबेल. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: आरएक्सचा चेंबर नको. एक्सॉस्टबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण तिथे पॉवरपेक्षा मोठा प्रश्न उष्णतेचा आहे.

पंख्याकडे ये. गाडीला खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत ओढ लागते. पंख्याला लागत नाही. पंखा जी पॉवर खातो ती आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या आरपीएमला त्याला आठवा हिस्सा पॉवर आणि पाव हिस्सा टॉर्क पुरतो. त्यामुळे खालच्या टॉर्कची काळजी करण्यात अर्थ नाही. पण त्याची दुसरी बाजू कुणी लक्षात घेत नाही. पिच न बदलणारा पंखा असेल, तर धावपट्टीवर उभं असताना इंजिन किती आरपीएमपर्यंत चढेल हे पंखाच ठरवतो. तुझा टॉर्क ७५०० ला जमून येत असेल आणि पंख्याने ५२०० ला धरून ठेवलं, तर त्या ७५०० ला तू कधी पोचणारच नाहीस.

हे मी बघितलंय. तिथल्या एका गिऱ्हाइकाचं १३बी आम्ही ५० मिलिमीटरच्या पेरिफेरल पोर्टचं बांधलं, इन्टेक पाइप जेमतेम ३० सेंटिमीटर. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) आकडे बघून वर्कशॉपमधले सगळे खूश. विमानात बसवलं, गिअरबॉक्स २.१७ चा (इंजिनच्या २.१७ फेऱ्यांना पंख्याची एक), लाकडी पंखा. पूर्ण थ्रॉटल दिला तर ५१०० वर अडकलं. मालक खाली उतरला आणि काही न बोलता हातमोजे काढत उभा राहिला. तो चेहरा माझ्या अजून लक्षात आहे, कारण चूक आमची होती. आम्ही शर्यतीचं इंजिन बनवून दिलं होतं. मग त्याच पोर्टवर इन्टेक पाइप ५५ सेंटिमीटरचे लावले. बाकी काही बदललं नाही, पंखाही तोच. आरपीएम ५३५० झाले. ऐकायला अडीचशेच वाटतात, पण घनाचा हिशेब लावून बघ: ५३५० भागिले ५१००, त्याचा घन, म्हणजे १५ टक्के जास्त पॉवर. नुसत्या ॲल्युमिनियमच्या नळ्या लांब करून.

तर आधी पंखा निवड. पात्याच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगाच्या आठ दशांशाच्या आत ठेवायचा, नाहीतर गोंगाट वाढतो आणि ओढ कमी होते. १.९ मीटर व्यासाचा पंखा २७०० ला फिरला तर टोक सेकंदाला जवळपास २७० मीटर जातं, म्हणजे हद्दीवरच. आता २.१७ चा गिअरबॉक्स असेल तर २७०० म्हणजे इंजिनचे ५८५० च्या आसपास. २.८५ चा असेल तर ७७००. याच एका आकड्याने तुझं पुढचं सगळं काम बदलतं. मी तुझ्या जागी असतो तर उड्डाणाला ६५०० ते ७०००, प्रवासाला ५५०० ते ६००० असं धरून निघालो असतो. कंपन्या छापतात ती पॉवर गाडीसाठी असते. माझदाच्या आरएक्स-८ गाडीचं इंजिन ८५०० ला शिखरावर जातं, पण तुझा पंखा तिथे जाणार नसेल तर त्या आकड्याचं करायचं काय?

आता इन्टेक पाइप. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, आणि इथे काही बिघडलं तर दोनशे रुपयांची नळी बिघडते, हाउसिंग (रोटरभोवतीचं कवच) नाही.

पोर्ट उघडतो तेव्हा आत उरलेला जळका वायू इन्टेकपेक्षा जास्त दाबाचा असतो. त्याचा एक धक्का उलटा पाइपमध्ये शिरतो. साध्या माणसाला ही कटकट वाटेल. माझदाच्या इंजिनिअरांनी १९८६ च्या आरएक्स-७ मध्ये तिचाच फायदा घेतला: एका रोटरचा धक्का पाइपातून दुसऱ्या रोटरकडे पाठवला, तो नेमका त्याचा पोर्ट मिटायच्या बेताला पोचला, आणि जाता जाता थोडी जास्त हवा आत कोंबून गेला. टर्बो नाही, ब्लोअर नाही.

हिशेब कागदावर मांड. समज, इन्टेक टीडीसीनंतर (आतली जागा सगळ्यात लहान असते तिथून) ३२ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (ती सगळ्यात मोठी होते तिथून) ५० वर मिटतो. (तुझ्या इंजिनचे अंश तू डिग्री चाक लावून स्वतः मोज, माझे घेऊ नकोस.) पहिला रोटर ३२ वर असताना दुसरा त्याच्या १८० पुढे, म्हणजे २१२ वर. त्याचा पोर्ट मिटणार २७० अधिक ५०, म्हणजे ३२० वर. मधे १०८ अंश आहेत. ६००० आरपीएमला शाफ्ट एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. म्हणजे धक्क्याला ३ मिलिसेकंद मिळाले. आपल्या हवेत, तीस-बत्तीस डिग्रीला, आवाज सेकंदाला ३५० मीटर जातो. तीन मिलिसेकंदांत १ मीटर ५ सेंटिमीटर. धक्का अगदी मिटताना पोचून उपयोग नाही, त्याचा भर थोडा आधी पोचला पाहिजे. मिटायच्या २८ अंश आधी धरलं तर ८० अंश उरतात आणि लांबी ७८ सेंटिमीटर येते. म्हणजे एका पोर्टपासून दुसऱ्या पोर्टपर्यंतचा रस्ता पाऊण ते एक मीटर, प्रत्येक बाजूला ४० ते ५२ सेंटिमीटर. यात कास्टिंगच्या आतला रस्ताही धरायचा. तो विसरून पाइप कापणारे बरेच बघितले.

दोन्ही पाइप जिथे एकत्र येतात तो डबा लहान ठेव. तिथे मोठा डबा लावलास तर धक्का पलीकडे न जाता डब्यातच जिरतो आणि पाइपमध्ये उलट्या चिन्हाची लाट परत येते. ती उलटी लाट वापरूनही ट्यूनिंग करता येतं, पण मग लांबीचा हिशेब वेगळा. दोन्हींची खिचडी करू नकोस.

हवा थंड झाली की आवाज मंदावतो, हेही धर. ३००० मीटर उंचीवर साधारण उणे पाच डिग्री असतं, आवाजाचा वेग ३२८ च्या आसपास. खाली ६००० ला जमलेला पाइप तिथे ५६०० ला जमतो. प्रवासाचे आरपीएम तसेही खालीच असतात, म्हणून हे आपल्या पथ्यावर पडतं. पण त्यासाठी हवा बॉनेटच्या बाहेरून घ्यायची, आतली गरम नाही.

१९९१ ला माझदाच्या ७८७बी गाडीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, तिच्या चार रोटरच्या इंजिनावर दुर्बिणीसारखे आत-बाहेर सरकणारे इन्टेक पाइप होते. शर्यतीत आरपीएम सारखे बदलतात, म्हणून त्यांना तो खटाटोप करावा लागला. आपल्याला एकच ठरावीक पट्टा साधायचाय. तुला सरकणाऱ्या नळ्या नकोत, योग्य लांबीच्या स्थिर नळ्या हव्यात.

नळ्या कशा करायच्या ते सांगतो. ॲल्युमिनियमच्या सरळ नळ्या घे, आतला व्यास मॅनिफोल्डला जुळणारा, जोडाला सिलिकॉन होज आणि क्लॅम्प. एकूण लांबी ४०, ४५, ५०, ५५, ६० होईल असे पाच संच काप. हवा जिथून आत शिरते त्या तोंडाला नुसती कापलेली कड ठेवू नकोस. कापलेल्या कडेवर हवा मागच्या बाजूनेही ओढली जाते आणि वळताना फाटते. लेथवर कर्ण्यासारखं तोंड कातून घे, वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या पाव भागाइतकी. उद्यमनगरात कुठलाही चांगला टर्नर दुपारच्या जेवणाआधी दोन नग काढून देईल. आतून पॉलिश पेपरने शेवटचा हात स्वतः फिरव. बोट कड्यावरून आत नेताना कुठेही अडखळलं नाही पाहिजे.

मग मोजायचं कसं? डायनो नाही म्हणून रडू नकोस. पंखाच तुझा डायनो. पूर्ण थ्रॉटल, इंजिन तापलेलं, मिश्रण तेच, आणि आरपीएम लिहून घे. ३ टक्के आरपीएम वाढले म्हणजे ९ टक्के पॉवर वाढली. यात एक सोय आहे. सकाळच्या गारव्यात हवा दाट असते तेव्हा इंजिन जास्त पॉवर देतं, पण दाट हवेत पंखाही तितकाच जड जातो. त्यामुळे स्टँडवरचे आरपीएम दिवसभरात फार हलत नाहीत. पाइप ज्या आरपीएमला जमतो तो मात्र तापमानाप्रमाणे सरकतो, १८ डिग्री आणि ३६ डिग्री यांत ३ टक्क्यांचा फरक. म्हणून पाचही संच एकाच सकाळी लाव. आणि कुणी समुद्रकाठचे हॉर्सपॉवरचे आकडे सांगितले तर खचू नकोस. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब साडेसहा टक्के कमी आहे, तेवढी पॉवर इथे कमीच दिसणार.

मिश्रण बघताना लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचं योग्य प्रमाण) बघ, हवा-इंधनाचा आकडा नको. आपल्या पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. त्याचं योग्य प्रमाण १४.७ नसून साडेतेराच्या आसपास आहे. जुन्या पुस्तकातला आकडा धरून चालवलंस तर इंजिन तुला वाटतं त्यापेक्षा कोरडं (कमी इंधनावर) चालेल, आणि रोटरीत कोरड्या मिश्रणावर जोरात चालवताना नॉकिंग (अवेळी ठोके देणारं ज्वलन) झालं की एपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) तुटतं. तो तुकडा हाउसिंग खरवडत एक्सॉस्टमधून बाहेर जातो.

स्टँडवर काम करताना पंख्याच्या पातळीत कुणी उभं राहायचं नाही, मोबाइलवर शूटिंग करणारा मित्रसुद्धा नाही. आणि प्रत्यक्ष उडवायच्या परवानगीसाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) वाट आहे, ती वेगळी चालायची. स्टँडवर चाललं म्हणजे हवेत न्यायला मोकळीक मिळाली असं समजू नकोस.

आता एक्सॉस्ट. तुझ्या इंजिनात इन्टेक बाजूच्या प्लेटमध्ये आणि एक्सॉस्ट हाउसिंगच्या परिघावर आहे. दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याचा काळ फार थोडा. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात तर एक्सॉस्टही बाजूला नेला आणि हा काळ शून्यावर आणला. जिथे दोन्ही दारं एकत्र उघडी नसतात, तिथे एक्सॉस्टच्या लाटेने ताजी हवा ओढून आणायला वाट कुठून मिळणार? म्हणून बाजूच्या पोर्टच्या इंजिनावर एक्सॉस्ट ट्यून करण्यात आठवडे घालवू नकोस. पाइप मोठा ठेव, वळणं मोठी घे, मागचा दाब कमी ठेव. बास.

पेरिफेरल इन्टेकची गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही पोर्ट एकत्र उघडे असण्याचा काळ शंभर अंशांच्या पुढे जातो आणि एक्सॉस्टची लाट सरळ इन्टेकशी बोलते. पण तिथेही हिशेब करून बघ. एक्सॉस्ट उघडल्यापासून ओव्हरलॅपच्या (दोन्ही उघडे असण्याच्या काळाच्या) मध्यापर्यंत साधारण ३४० अंश जातात, ६००० ला साडेनऊ मिलिसेकंद. ९०० डिग्रीच्या वायूत आवाज सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या पुढे पळतो. जाऊन-येऊन सव्वासहा मीटर, म्हणजे प्रत्येक पाइप तीन मीटरच्या वर. छोट्या विमानाच्या नाकात तो कुठे घालणार? तिसऱ्या फेरीची लाट धरली तर लांबी मीटरभर येते, पण तोवर लाट दमलेली असते. एक मीटर सहज बसत असेल तर ठेव, त्यासाठी बॉनेट फाडू नकोस.

खरा घोर उष्णतेचा. रोटरीचा एक्सॉस्ट ८७० ते ९२५ डिग्रीला चालतो, विमानाच्या नेहमीच्या पिस्टन इंजिनापेक्षा शंभरेक डिग्री जास्त. शिवाय व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो तसं इथे होत नाही. एपेक्स सील पोर्टच्या कडेवरून सरकलं की दार धाडकन उघडतं. प्रत्येक धक्का हातोड्यासारखा बसतो. आमच्या एका चाचणीत सायलेन्सरमधली आडवी पत्री तासाभरात सुटली. आवाज अचानक घुमल्यासारखा झाला, आरपीएम दोनशेने पडले. बंद करून सायलेन्सर हलवला तर आत खुळखुळा. कापून बघितलं तेव्हा पत्रीच्या वेल्डिंगच्या कडेला काळपट, करवतीसारखी फाट होती, आणि एक तुकडा बाहेर जायच्या तोंडाशी आडवा येऊन बसला होता. हे हवेत झालं असतं तर इंजिन गुदमरलं असतं. त्या दिवसापासून मी धक्क्याच्या वाटेत आडवी पत्री ठेवत नाही. मधून सरळ जाणारी भोकांची नळी, भोवती मोठं पिंप, एवढाच सायलेन्सर.

पाइपला एमएस (साधं पोलाद) चालणार नाही, महिन्यात पापुद्रे निघतील. ३०४ स्टेनलेस आपल्याकडे सहज मिळतं, स्टँडवरच्या चाचण्यांपुरतं चालेल. पण वेल्डिंगच्या शेजारचा भाग लाल उष्णतेत राहिला की त्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि तिथूनच तडा सुरू होतो. विमानात जाणाऱ्या पाइपला ३२१ स्टेनलेस मागव, त्यात टायटॅनियम असल्याने हे टळतं. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गॉन सोड, नाहीतर आतल्या बाजूला साखरेसारखे दाणे येतात. मीटरभर स्टेनलेस पाइप ६०० डिग्रीने तापला की जवळपास एक सेंटिमीटर लांब होतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून सरकता जोड ठेव. आणि सायलेन्सरचा आधार इंजिनलाच बांध, विमानाच्या सांगाड्याला नको. इंजिन रबरावर हलतं, सांगाडा हलत नाही, मधे पाइप तुटतो.

एवढं सगळं झाल्यावर पोर्ट.

बाजूच्या इन्टेक पोर्टला तीन बाजूंनी कुंपण आहे. आतल्या बाजूला घासलंस तर ऑइल रिंगचा रस्ता उघडा पडतो आणि इंजिन तेल प्यायला लागतं. बाहेरच्या बाजूला गेलास तर कॉर्नर सीलचा आधार जातो. खोल गेलास तर पाण्याची जागा फुटते. तिसरं माझ्याकडून घडलंय. कास्ट आयर्नची प्लेट, डाय ग्राइंडरला कार्बाइड बर, रात्रीचे नऊ, 'अजून एक हात' म्हणून फिरवला. काही दिसलं नाही. इंजिन बांधलं, तापलं, आणि एक्सॉस्टमधून पांढरा धूर. उघडल्यावर सुईच्या टोकाएवढं छिद्र सापडलं. कास्टिंगची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. आपण फौंड्रीच्या गावचे, ओतताना कोअर थोडा सरकला की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून आधी जाडी मोजायची, मग घासायचं.

पोर्ट मिटायची वेळ उशिरा नेली की वरच्या आरपीएमला हवा जास्त भरते, खालच्या आरपीएमला आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. ६५००-७००० साठी मुळातला पोर्ट पुरेसा आहे असं माझं ठाम मत आहे. पाइप जमल्यावर जर पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाइतका राहतोय आणि तरी इंजिन वर चढत नाही, तरच मिटणारी कड दोन-तीन मिलिमीटर पुढे न्यायचा विचार कर. नाहीतर फक्त पोर्टच्या आत कास्टिंगचे खडे, मॅनिफोल्डच्या जोडाची पायरी आणि गॅस्केटची आत आलेली कड एवढं साफ कर. गॅस्केटचा पुठ्ठ्याचा टेम्प्लेट करून दोन्हीकडे आखणी जुळव, आखणीच्या रेषेवर थांब.

एक्सॉस्टची उघडणारी कड अजिबात हलवू नकोस. ती आधी उघडली की जो दाब शाफ्ट फिरवणार तो पाइपमध्ये जातो, आवाज वाढतो, पाइप आणखी तापतो. कुठल्याही पोर्टची कड घासलीच, तर सील तिच्यावरून सरकणार आहे हे विसरू नकोस. कडेला बारीक उतार दे आणि अंगठ्याचं नख सीलच्या दिशेने कडेवरून ओढ. नखाला लागलं तर सीललाही लागणार. हाउसिंगच्या आत क्रोमचा थर असतो, तो कडेला सुटला तर ते हाउसिंग भंगारात. बर फिरवताना तो कायम क्रोमकडून आत, पाइपच्या दिशेने कापेल असा धर, म्हणजे थर उचकटणार नाही.

राहिला पेरिफेरल पोर्ट. विमानासाठी तो मुळात चांगलाच आहे, यात शंका नाही. अमेरिकी लष्कराच्या शॅडो ड्रोनमध्ये ब्रिटनच्या यूईएल कंपनीचं एका रोटरचं २०८ सीसीचं इंजिन ३८ हॉर्सपॉवर द्यायचं, ते असंच. जर्मन श्लायखर कंपनीच्या स्वतःच्या बळावर उडणाऱ्या एएसएच २६ ई ग्लायडरमध्येही एका रोटरचं, ५० हॉर्सपॉवरचं तसंच इंजिन. हवेचा रस्ता सरळ, वळण नाही. पण ती इंजिनं तशीच ओतलेली आहेत. तुला हाउसिंगला पाण्याच्या जागेतून आरपार भोक पाडून त्यात बाही बसवावी लागेल, आणि ती बाही तापून-थंड होऊन शेकडो वेळा आकसली-फुगली तरी गळता कामा नये. नुसत्या इपॉक्सीवर माझा भरवसा नाही, त्यात आपलं इथेनॉलचं पेट्रोल. ओ-रिंग बसवायला खाचा कातून, वर वेल्डिंग, आणि नंतर दाब देऊन पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे.

व्यासाचा मोह टाळ. ६००० ला एक रोटर सेकंदाला ६५ लिटर हवा घेतो. ५० मिलिमीटरच्या नळीत ती सरासरी ३३ मीटर वेगाने जाते, ४४ च्या नळीत ४३ ने, ३८ च्या नळीत ५८ ने. वेगात असलेली हवा पोर्ट मिटताना स्वतःच्या जोरावर थोडी जास्त आत घुसते, मंद हवा परतीचा रस्ता धरते. ५० शर्यतीला बरा. तुझ्या पट्ट्याला ४० ते ४४.

आणि पेरिफेरलची लपलेली किंमत म्हणजे आयडल. कमी थ्रॉटलला जळका वायू इन्टेकमध्ये मिसळतो, एक स्फोट होतो, एक हुकतो. १८०० च्या खाली ते धड उभं राहत नाही. गाडीत हे नुसतं कानाला लागतं. विमानात प्रत्येक हुकलेल्या स्फोटाचा झटका गिअरबॉक्सच्या दातांवर आणि डॅम्परच्या रबरांवर बसतो, पलीकडे जड पंखा स्वतःच्या वेगात फिरत असतो. मी उघडलेल्या दोन गिअरबॉक्समध्ये दातांच्या फक्त एका अंगावर चकचकीत ठोके होते, आणि दोन्ही इंजिनं टॅक्सी करताना खालच्या आरपीएमला खडखडत चालवलेली होती.

म्हणून हे इंजिन तसंच ठेव. पंखा आणि गिअरबॉक्सचं प्रमाण पक्कं कर, पाच संच काप, प्रत्येक लांबीला पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, लॅम्डा, आणि पोर्टपासून १० सेंटिमीटरवर के-टाइप थर्मोकपल लावून दोन्ही रोटरच्या एक्सॉस्टचं तापमान वहीत लिही. सकाळी सातला सुरू केलंस तर ऊन चढायच्या आत पाचही होतील. ती वही घेऊन ये. बर बाहेर काढायचा की नाही ते तिच्यातले आकडे बघून ठरवू.